न्हावा शेवा ते चाकण : हायड्रोजनचा ट्रेलर कुठे परवडेल, कुठे नाही

न्हावा शेव्यातून बाहेर पडलेला कंटेनर किती लांब जाणार आहे, यावर हायड्रोजनच्या ट्रकाचं गणित ठरतं. कळंबोली, तळोजा किंवा भिवंडीच्या गोदामापर्यंतची २५ ते ६० किलोमीटरची फेरी असेल तर हायड्रोजनच्या नादी लागू नये, ते काम बॅटरीचं आहे. चाकण किंवा त्यापुढे सातारा-कोल्हापूरपर्यंतचा रोजचा ठरलेला मार्ग असेल, दोन्ही टोकांना पंप असेल आणि नोझलवरचा दर किलोला तीनशे रुपयांच्या बराच खाली येणार असेल, तर हिशेब मांडायला हरकत नाही. ठाणे-नवी मुंबईत ट्रेलर चालवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मंडळींसाठी तो इथे मांडला आहे.

आधी सध्या कुठे आहोत ते. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली पाच प्रायोगिक प्रकल्प जाहीर केले : बस आणि ट्रक मिळून ३७ गाड्या आणि ९ पंप. त्यातल्या १५ गाड्या फ्युएल सेलवर (हायड्रोजन आणि हवेपासून गाडीतच वीज बनवणारा संच), २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनावर. मार्गांच्या यादीत पुणे-मुंबई आहे. त्याच महिन्यात टाटा मोटर्सने १६ गाड्यांच्या २४ महिन्यांच्या चाचण्या सुरू केल्या, त्यात प्रायमा एच.५५एस हा ट्रेलर ओढणारा घोडा (पुढचा ट्रक) दोन्ही प्रकारांत आहे. सांगितलेला पल्ला ३०० ते ५०० किलोमीटर. हे सगळं आश्वासक आहे, पण चाचणीतली गाडी आणि हप्ते भरून घेतलेली गाडी यांत फार अंतर असतं.

आता पैसे. भरलेला चाळीस टनी ट्रेलर डिझेलवर लिटरला ३.२ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देतो असं धरू. १०० किलोमीटरला ३१ लिटर. ९० रुपये भावाने २,८०० रुपये. तेवढंच काम फ्युएल सेलची गाडी साधारण ९ किलो हायड्रोजनमध्ये करते. म्हणजे निव्वळ इंधनात बरोबरी व्हायला हायड्रोजन ३१० रुपये किलोने मिळायला हवा, आणि तोही प्लँटच्या दारात नव्हे तर दाबून, वाहून आणून, गाडीच्या टाकीत. पानिपत रिफायनरीसाठी २०२५ मध्ये ठरलेला हरित हायड्रोजनचा दर ३९७ रुपये होता, कर वेगळा. आणि तो दाराशीच वापरायचा मोठा, सलग पुरवठा आहे. पंपावर येईपर्यंत त्यात दाब, वाहतूक आणि पंपाचा खर्च चढतो.

त्यात गाडीची किंमत आली नाही. समजा हायड्रोजनची गाडी डिझेलच्या गाडीपेक्षा एक कोटीने महाग पडली आणि आठ वर्षांत आठ लाख किलोमीटर धावली, तर व्याज न धरताही किलोमीटरला साडेबारा रुपये जादा होतात. ते भरून काढायचे तर हायड्रोजन १७० रुपयांच्या आसपास यावा लागतो. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तीन रुपये युनिटने वीज मिळाली तरी दीडशेच्या वर विजेतच गेले, इलेक्ट्रोलायझरचा (पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचा) घसारा अजून बाकीच. म्हणूनच दर वर्षी ‘पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ असं सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विजेच्या भावाचा विचारावा. बाकीचे प्रश्न नंतर.

आणि हायड्रोजन कुठला, हे विचारल्याशिवाय ‘कमी उत्सर्जन’ हा शब्द वापरूच नये. आपल्या भागात हायड्रोजन नवा नाही. माहुलच्या रिफायनऱ्या आणि आरसीएफ या खत कंपनीचे ट्रॉम्बे व अलिबागजवळच्या थळचे कारखाने तो अनेक वर्षं बनवत आले आहेत, पण नैसर्गिक वायूपासून. अशा एका किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर किलोमीटरला ९ किलो हायड्रोजन म्हणजे ८० ते ९० किलो कार्बन. डिझेलच्या ३१ लिटरमागे धुराड्यातून निघतो ८३ किलो. म्हणजे महागडी गाडी घेऊन कार्बन तेवढाच. धूर तेवढा कळंबोलीतून ट्रॉम्बेला गेला. ग्रिडच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवला तर आणखी वाईट : देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन धरला तर एका किलो हायड्रोजनला ४० किलो, शंभर किलोमीटरला साडेतीनशेच्या पुढे.

केंद्राची ‘हरित’ची व्याख्या किलोमागे २ किलो कार्बनपर्यंतची आहे. ती पाळली तर शंभर किलोमीटरला १८ किलो. हा खरा फायदा. म्हणून करारात ‘हायड्रोजन’ एवढंच न लिहिता हरित प्रमाणपत्राची अट घालावी.

बॅटरीच्या ट्रकालाही हाच निकष लावला पाहिजे. १०० किलोमीटरला १३० युनिट आणि चार्जिंगमधली गळती धरून १४३ युनिट लागले, तर आजच्या ग्रिडवर १०० किलोच्या आसपास कार्बन होतो. म्हणजे डिझेलच्या धुराड्यातल्या ८३ किलोहून थोडा जास्तच. सौर किंवा पवन वीज करारानेच घेतली पाहिजे. फरक पडतो तो त्याच विजेच्या वापरात : तेवढंच अंतर कापायला हायड्रोजनला, दाबण्यासकट, ५२० युनिट लागतात. साडेतीन पट. सोलापूर-धुळ्याकडची सौर वीज अमर्याद नाही, आणि एका युनिटवर किती किलोमीटर माल हलतो हे बघणं आपलं काम आहे.

बंदराच्या फेऱ्यांत बॅटरी का बसते, याचं कारण फक्त विजेचं नाही. गाडी सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोच्या) आवारात, पार्किंग प्लाझात, गेटच्या रांगेत तासन् तास उभी असते. तोच चार्जिंगचा वेळ. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर गाडी जात नाही, त्यामुळे २६० युनिटची बॅटरी पुरते. सप्टेंबर २०२५ पासून जेएनपीएमध्ये (न्हावा शेवा बंदरात) बॅटरी बदलता येणारे जड इलेक्ट्रिक ट्रक धावू लागले आहेत, आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकामागे कमाल ९.६ लाखांचं प्रोत्साहन आहे. याउलट फ्युएल सेलला रांग मानवत नाही. सेल नुसता चालू ठेवून काम न देता ठेवला की त्याचं व्होल्टेज वर राहतं आणि प्लॅटिनमचा थर झिजतो. सारखं बंद-चालू केलं तरी झिजतो. त्याला एकसारखं, मध्यम ओझ्याचं, लांबचं काम हवं. करळ फाट्याच्या कोंडीत दिवसाचे चार तास काढणारी गाडी त्यासाठी बनलेलीच नाही.

लांबचं काम म्हटलं की आपल्याकडे घाट आला, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

खोपोली ते खंडाळा साधारण ५०० मीटरची चढण. चाळीस टन ५०० मीटर उचलायला चाकांवर ५५ युनिट ऊर्जा लागते, रस्त्याच्या घर्षणाला आणखी दहा. गाडी अर्ध्या तासात चढली तर चाकांवर सरासरी १३० किलोवॅट. मोटर-गिअरची गळती आणि पंखे-पंप धरले की सेल आणि बॅटरीने मिळून १६० किलोवॅट द्यायचे. १८० किलोवॅटच्या सेलला हे झेपतं. अडचण उष्णतेची. एवढ्या ओझ्यावर सेलची कार्यक्षमता ४५ टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे १६० किलोवॅट विजेमागे १९० किलोवॅट उष्णता. डिझेलची बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेलची जवळजवळ सगळी कूलंटमध्येच उतरते. वर कूलंटचं तापमानही ७० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं, नाहीतर सेलमधला पातळ पडदा सुकतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ३८ अंश असताना रेडिएटरला फक्त ३२ अंशांचा फरक मिळतो, डिझेलला ५५-६० मिळतो. आणि गाडीचा वेग पंचवीस-तीस, म्हणजे समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यांवर.

परिणाम असा की कंट्रोलर आपणहून सेलची शक्ती कमी करतो. गाडी बंद पडत नाही, रेंगाळते, आणि तोपर्यंत बॅटरी संपते. म्हणून खरेदीच्या आधी उत्पादकाला विचारायचा प्रश्न ‘पीक पॉवर किती’ हा नाही. ‘४० अंश बाहेर, ताशी २५ किलोमीटर, पूर्ण माल, सलग ३० मिनिटं : किती किलोवॅट मिळतील’ हा आहे. उत्तर लेखी घ्यावं आणि चाचणी मे महिन्यात, दुपारी, भरल्या गाडीने घ्यावी. जानेवारीतल्या रिकाम्या गाडीच्या चाचणीतून काही कळत नाही.

एवढ्या चढणीत सुमारे ५ किलो हायड्रोजन जातो. परतीला उताराची ऊर्जा मोटर परत मिळवून देते, भरल्या गाडीला साधारण ३५ युनिट. पण बॅटरीत जागा असली तर. बॅटरी ७० युनिटची असेल तर खंडाळ्यात ती अर्ध्याच्या खाली आणूनच उताराला लागायचं. भरलेली असेल तर मोटर ब्रेक द्यायचं थांबवते आणि चालकाला अचानक सगळा भार एअर ब्रेकवर घ्यावा लागतो. ब्रेक तापून घाटात काय होतं ते सांगायला नको. मार्गाचा नकाशा पाहून चार्ज आधीच कमी ठेवणारी प्रणाली गाडीत हवीच, आणि चालकाला डॅशबोर्डवरचा तो आकडा वाचायला शिकवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट हवेची, आणि ती खास आपल्या पट्ट्याची. फ्युएल सेल हायड्रोजनबरोबर हवाही खातो. तळोजा आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्टा) या रासायनिक वसाहतींमधून येणारे गंधकाचे वायू प्लॅटिनमला चिकटून बसतात. अमोनिया पडद्याची वहनक्षमता उतरवतो. उरणच्या खाडीकडून मीठ येतं. पुढच्या डिझेल गाडीचा धूर आहेच. त्यासाठी हवेच्या वाटेवर धुळीच्या कागदी फिल्टरशिवाय सक्रिय कोळशाचा थर असलेला फिल्टर असतो. तो डोळ्याला स्वच्छ दिसतो तेव्हाही आतून भरलेला असू शकतो, त्यामुळे झटकून पुन्हा बसवण्याची सवय इथे घात करते. युरोपातल्या तासांवर ठरवलेला बदलीचा काळ आपल्याकडे चालणार नाही. तळोजा-महापे मार्गावरच्या गाडीसाठी तो किती तासांचा, हे उत्पादकाकडून वेगळं लिहून घ्यावं.

आणि कूलंट. सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. सेलच्या थप्पीतून फिरणारा कूलंट शेकडो व्होल्टच्या पत्र्यांना लागून वाहतो, म्हणून त्यातून वीज वाहता कामा नये. त्याची वहनक्षमता साधारण ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली ठेवतात आणि त्यासाठी आयन शोषणारी रेझिनची कुपी लावलेली असते. रस्त्यात पातळी खाली गेली म्हणून कुणी दुकानातला हिरवा कूलंट किंवा नळाचं पाणी ओतलं, की वहनक्षमता कितीतरी पटींनी चढते. डॅशबोर्डवर इन्सुलेशन फॉल्ट येतो, कंट्रोलर उच्च दाबाची वीज तोडतो आणि गाडी जागेवर थांबते. मग पूर्ण सर्किट विआयनीकृत पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, रेझिन बदलायचं, नवा कूलंट भरायचा. टाकीच्या झाकणावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत सूचना रंगवावी आणि गाडीत उत्पादकाच्याच कूलंटचा पाच लिटरचा कॅन ठेवावा.

पंपाकडे वळू. ३५० बार दाबाला एका लिटरच्या जागेत जेमतेम २४ ग्रॅम हायड्रोजन मावतो. ह्युंदाईच्या एक्सियंट ट्रकात ३१ किलो असतो, म्हणजे १,३०० लिटरच्या टाक्या, आणि टाक्यांसकट वजन अर्ध्या टनाहून जास्त. इथे भरून आणायचा तर ट्यूब ट्रेलर लागतो. २०० बारच्या पोलादी नळ्यांचा असा ट्रेलर तीस टनांहून जड असतो आणि त्यात हायड्रोजन असतो ३०० ते ४०० किलो. कामाच्या हिशेबाने तो १,२०० लिटर डिझेलच्या बरोबरीचा, आणि त्यातलाही शेवटचा भाग दाब उतरल्यावर काढता येत नाही. दहा गाड्यांना रोज एक ट्रेलर. तीस गाड्या झाल्या की जागेवर तयार करण्याशिवाय गत्यंतर नाही.

जागेवर करायचं तर दहा गाड्यांसाठी रोज ३०० किलो म्हणजे १६,५०० युनिट. चोवीस तास चालला तर ७०० किलोवॅटचा इलेक्ट्रोलायझर, फक्त उन्हात चालवायचा तर तीन मेगावॅटचा. पाणी पाच-सहा हजार लिटर, म्हणजे अर्धा टँकर. लोकांना पाण्याची धास्ती वाटते, पण ही अडचण छोटी आहे. विजेला चार मेगावॅट सौर प्रकल्प, त्याला पंधरा-सोळा एकर. पनवेल-उरणात ती जागा आणि तो भाव विसरा, वीज ओपन अ‍ॅक्सेसनेच, म्हणजे दुसरीकडच्या प्रकल्पातून ग्रिडच्या तारांवरून, आणावी लागेल. राज्याच्या २०२३ च्या हरित हायड्रोजन धोरणात वीज वहनाच्या शुल्कात सवलत आणि पहिल्या २० पंपांना भांडवली अनुदान आहे. ते अनुदान मिळवणारा पंप बंदर आणि द्रुतगती मार्ग यांच्या मधे, पळस्पे-कळंबोलीच्या टापूत असावा, असं माझं ठाम मत आहे.

भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात ही जाहिरात खरी आहे, पण पहिल्या दोन गाड्यांपुरती. साठ्यातला दाब उतरला की कॉम्प्रेसर तो परत चढवेपर्यंत थांबावं लागतं. तासाला ३० किलोचा कॉम्प्रेसर असेल तर तासाला एकच गाडी. आणि पंप बंद पडतो तो बहुधा कॉम्प्रेसरमुळेच : पडदा तडकतो, व्हॉल्व्ह गळतो. एकच कॉम्प्रेसर असलेल्या पंपाच्या भरवशावर दहा गाड्या घेऊ नयेत. भरताना वायू टाकीत दाबला गेला की तापतो आणि टाकीची मर्यादा ८५ अंशांची, म्हणून वायू आधी थंड करून सोडतात. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत त्या गारठ्याने नोझलवर बर्फ धरतो आणि तो गाडीच्या तोंडाला घट्ट चिकटतो. ओढून काढू नये, सील फाटतं. कोरड्या नायट्रोजनचा झोत मारायची सोय असलेला डिस्पेन्सर मागावा.

हायड्रोजन जाळणारं इंजिन या सगळ्यात कमी नाजूक. आपल्या मिस्त्रींच्या हाताला ते ओळखीचं, ९९.९७ टक्के शुद्धतेची सक्ती नाही, तळोज्याची हवाही चालते. इंधन थोडं जास्त खातं, नायट्रोजन ऑक्साइड निघतात म्हणून त्यासाठी उपचार यंत्रणा लागते, आणि उताराची ऊर्जा परत मिळत नाही. तेलात पाणी उतरतं, त्यामुळे ऑइल वेळेआधी तपासावं. पहिली काही वर्षं घाटमार्गावर हेच जास्त टिकेल असं वाटतं.

गॅरेजबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. एलपीजी जमिनीलगत साचतो, हा पत्र्याच्या आढ्याखाली. कळंबोलीतल्या शेडांचं बंद आढं उघडून तिथे वाऱ्याची वाट आणि सेन्सर बसवल्याशिवाय गाडी आत घेऊ नये. हवेत ४ टक्क्यांपासून तो पेटतो, म्हणून ०.४ टक्क्यावर भोंगा वाजला पाहिजे. गंधकाचा वास त्यात मिसळता येत नाही, सेल खराब होतो, तेव्हा नाकावर विसंबता येत नाही. ज्योत दिवसा दिसत नाही. गळतीच्या संशयाच्या जागी हात नेण्याआधी थर्मल कॅमेरा फिरवावा. सिलिंडर आणि पंपाच्या परवान्यांसाठी नागपूरच्या पेसोशी (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटकं सुरक्षा संस्थेशी) गाठ आहे. त्याला वेळ धरूनच बेत आखावा.

बाहेरच्या अनुभवातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून एक्सियंट ट्रक चालले, कारण तिथे डिझेलच्या जड ट्रकाला किलोमीटरमागे मोठा कर आहे, शून्य उत्सर्जनाच्या ट्रकाला नाही, आणि गाड्या किलोमीटरच्या भाड्याने दिल्या होत्या. आपल्याकडे तसा कर नाही. दुसरीकडे हायड्रोजन ट्रक बनवणाऱ्या अमेरिकेतल्या निकोलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. डाइमलरने २०२३ मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या एका भरण्यावर १,०४७ किलोमीटर गाडी चालवून दाखवली, पण मालिका उत्पादन पुढच्या दशकावर ढकललं. देशात छत्तीसगडमध्ये मे २०२५ मध्ये अदानी समूहाने खाणीच्या कोळशासाठी चाळीस टनी, २०० किलोमीटर पल्ल्याचा ट्रक उतरवला. ठरलेला मार्ग, एकच मालक. हायड्रोजनला असंच काम हवं.

तसं काम हाती असेल तर गाडी विकत न घेता किलोमीटरच्या भाड्यावर घ्यावी. करारात पंप महिन्यातले किती तास चालू राहील ते आणि बंद राहिल्यास उभ्या गाडीचं नुकसान कोण भरणार ते असावं. बिल डिस्पेन्सरच्या मीटरवर होतं, ते आठवड्यातून एकदा गाडीच्या दाब-तापमानावरून काढलेल्या वजनाशी ताडून पाहावं. पल्ला मोजताना टाकी शून्यावर आणायची नाही. प्लास्टिकच्या अस्तराच्या टाकीत दाब फार उतरला की अस्तर आत दबतं, म्हणून वीसेक बार तळाला राखायचे. आणि हायड्रोजन संपला तर कॅनमधून आणून ओतता येत नाही. खालापूरच्या टोलनाक्याजवळ गाडी थांबली तर ती ओढूनच न्यावी लागेल, तेही मोटरच्या चाकांचा जोड सोडवून किंवा ती चाकं उचलून. ती क्रेन कोणाची आणि बिल कोणाच्या नावावर, हे गाडी ताब्यात घेण्याआधीच लिहून घ्या.